अळणी सोमवार

"आज माझं मीठ वेगळं काढू नको," शिवानंद दबक्या आवाजात म्हणाला आणि पंगतीत जाऊन बसला.

श्रीदेवीच्या हातातली मिठाची वाटी हातातच राहिली. श्रावणातला शेवटचा सोमवार. अक्कलकोटहून आलेल्या शिवलीला आत्या धरून बारा-तेरा पानं मांडलेली. आज या घरात कुणी मीठ खायचं नाही, असा सासूबाईंचा, निंगव्वांचा, नवस होता. अकरा वर्षांपूर्वी शिवानंदच्या मनाच्या दुखण्याला डॉक्टरांनी 'बायपोलर' असं नाव दिलं, तेव्हा बोललेला. पोराला बरं वाटू दे, दरवर्षी सगळ्या भावकीला अळणी जेवू घालीन.

गंमत अशी, की ज्याच्यासाठी नवस, नेमकं त्यालाच ते जेवण चालत नव्हतं. लिथियमच्या गोळीवर असलेल्या माणसाला रोज सारखंच मीठ लागतं आणि पाणी भरपूर. मीठ कमी पडलं की गोळी अंगात साठते आणि बाधते. म्हणून दरवर्षी त्याच्या ताटाशेजारी मिठाची एक वाटी असायची आणि अख्खी पंगत त्या वाटीकडे बघत जेवायची. त्या नजरांना कंटाळून, मिठाची सवयच मोडायची म्हणून, गेल्या श्रावणात त्यानं गुपचूप महिनाभर अळणी खाल्लं होतं, आणि मग सहा दिवस दवाखान्यात काढले होते.

श्रीदेवी वाकून पाणी वाढायच्या निमित्तानं त्याच्या कानाशी गेली. "अहो, असं करू नका."

"एका दिवसानं काय होतंय? आत्या परत समद्यांसमोर इचारत बसतील."

एका दिवसानं कदाचित काही झालंही नसतं. श्रीदेवीला धास्ती वेगळीच होती. आज लाजेपायी मीठ सोडलं, तर उद्या कुणाच्या तरी लाजेपायी गोळी सुटायची आणि परवा झोप. तो रस्ता तिनं पाहिलेला होता.

आणि एवढं वर्ष या माणसानं स्वतःला कसं सांभाळलं होतं! तो युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर. शाळा उघडायच्या आधी कामाचा नुसता गुडघाभर ढीग, पण मालकानं रात्री थांबायला सांगितलं की हा सरळ सांगे, "दहाला मला झोपायला लागतं. पायजे तर सकाळी सहाला येतो." किती तास झोपलो ते रोज कॅलेंडरवर लिही. मन जरा जास्तच हलकं झालं, एका दमात दहा बेत सुचायला लागले, की आपण होऊन मोटारसायकलची किल्ली तिच्या हातात ठेवी. "चार दिवस तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे." स्वतःच्या आनंदावरसुद्धा लक्ष ठेवून असणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. तिला त्याचा अभिमान होता. आणि हाच बहाद्दर आज चिमूटभर मिठाला लाजत होता.

निंगव्वांनी स्वतः आमटी वाढत आणली. या दिवसाची आमटी त्याच करायच्या, दुसऱ्या कुणाला चुलीजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. नैवेद्याआधी चव बघायची नाही, हा घरचा रिवाज. नैवेद्य दाखवून झाला होता. पंगतीनं हात जोडले आणि भात कालवला.

पहिलाच घास घेऊन शिवलीला आत्या थांबल्या.

"मीठ हाय की ह्यात!"

सगळे हात थबकले. मग सगळ्या नजरा श्रीदेवीकडे वळल्या. चूक झाली म्हणजे ती सुनेचीच असणार, आणि इथं तर सून मिठाची वाटी हातात घेऊनच उभी!

"काय गं श्रीदेवी, नवसाच्या जेवणात? एवढं पण कळू न्हाय व्हय?"

शिवानंदचा चेहरा पडला. तो अर्धवट उठला. "आत्या, तिला बोलू नका. हे समदं माझ्यापायी—"

"खाली बस," निंगव्वा म्हणाल्या. त्यांनी आमटीचं पातेलं जमिनीवर टेकवलं. "वन्सं, तिला कशाला बोलताय? मीठ मी घातलंय."

"तू? अगं, नवस मोडला की तुजा!"

"मोडला. हे पोरगं बरं ऱ्हावं म्हणून बोलले हुते मी. आन त्याच नवसापायी त्ये सहा दिवस सलाईन लावून पडलं. आता वरीस झालं, गोळी चुकवत न्हाय, झोप चुकवत न्हाय. एवढं तर मला देवाचं बी करणं हुत न्हाय. आन त्यालाच मी वाटी लावून येगळा बसवू? तुमी समदी बघत बसणार आन त्यानं मान खाली घालून जेवायचं? न्हाय जमायचं. सकाळीच सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन सांगून आलेय. रागवायचं तर माझ्यावर रागव म्हणलं."

शिवानंदनं आईकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं पुसलेही नाहीत. पण ताटाला हात लावायची सोय नव्हती. पंगतीत सगळ्यांत थोरल्या आत्या, त्यांनी घास घेतल्याशिवाय दुसरं कोण घेणार? श्रीदेवी त्यांच्या हाताकडं बघत राहिली.

आत्यांनी भात नीट कालवला. एक घास घेतला, सावकाश चावला. मग दुसरा घेतला.

"निंगव्वा, मीठ जरा कमीच पडलंय की गं."

"डॉक्टरनी सांगितलंय तेवढंच हाय," पातेलं उचलत निंगव्वा म्हणाल्या. "आता ह्या घरात समद्यांस्नी तेवढंच."