उलटे आकडे

वॉशिंग मशीनमध्ये काहीतरी खडखडलं आणि सकाळपासून मायलेकींमध्ये साचलेली शांतता मोडली. शिट्टी होती. कोचबाईंच्या ट्रॅकपँटच्या खिशातच राहिली होती.

"राहू दे. आंघोळ तरी होईल तिची," कोचबाई म्हणाल्या.

लेक हसली नाही. टेबलाशी बसून चित्र रंगवत राहिली. गेल्या वर्षी तीही आईच्याच संघात होती. यंदा फुटबॉल सोडून तिनं चित्रकला धरली. का, ते विचारायला कोचबाईंना सवड झाली नव्हती.

काल शाळेचा अंतिम सामना होता. सात-सात जणींचा खेळ, दहा मिनिटं उरलेली, एका गोलची आघाडी. तेवढ्यात गोलकीपरचं डोकं खांबावर आपटलं. "मला काही झालं नाही, बाई," ती म्हणाली. डोक्याला मार लागला की कोचबाई मुलींना दहापासून उलटे आकडे म्हणायला लावत. ती सातपर्यंत आली आणि पुन्हा नऊ म्हणाली. बाकावर बदलीला कुणी उरलं नव्हतं, आणि सहा जणींनी खेळायची मुभा नव्हती. कोचबाईंनी सामना सोडला. पंचांच्या कागदावर तशी सही करताना त्यांचा हात जराही अडखळला नाही.

आज फोन थांबत नव्हता. "पोरींच्या तोंडचा घास काढून घेतलात तुम्ही," एका वडिलांनी सुनावलं. मुख्याध्यापकांनी तर सोमवारपासून मैदानावर येऊ नका, असंच कळवलं. मग गोलकीपरच्या आईचा फोन आला. मेंदूला सूज होती. आणखी एक धक्का बसला असता तर, एवढं बोलून ती माउली रडायलाच लागली.

कोचबाईंनी फोन ठेवला. पाठ ताठ झाली होती.

"नोकरी गेली तर गेली," त्या लेकीला म्हणाल्या. "उद्या पुन्हा तीच वेळ आली तरी मी हेच करीन. आकडे चुकले की खेळ बंद. मग मुलगी कुणाची का असेना."

लेकीचा ब्रश थांबला.

"गेल्या वर्षी मी पडले होते ना, आई, तेव्हा मी आठवरच अडकले होते."

मशीन थांबलं. आतली शिट्टीही गप्प झाली.

"मग मला 'नाटकं पुरे' म्हणून परत आत का पाठवलंस?"