उलथनं
आई उलथन्याने चटके द्यायची, असं जयदीपने आत्मचरित्रात लिहिलं आणि पुस्तक तुफान खपलं. मग एका वार्ताहराने त्याला शर्ट काढायला लावला. अंगावर एकही डाग नव्हता! "सगळं मनचंच लिहिलं," म्हणत जयदीपने माफी मागितली. तरी त्या बनावट पुस्तकावर सिनेमा निघालाच, आणि चऱ्होलीतल्या त्यांच्याच स्वयंपाकघरात शूटिंग लागलं. निर्दोष ठरलेली आई कॅमेऱ्याशेजारी ऐटीत बसली होती. तिच्यामागे जयदीपची बहीण जयमाला नेहमीसारखी मिठाची गुळणी धरून उभी. नटीने तापलेलं उलथनं उचललं, चड्डीतल्या पोराचा हात ओढला. आईला राहवेना. "अगं, हातावर नगं! साळंत दिसतंय. पाठीवर द्यायचा, फ्रॉकाखाली झाकतोय." नटीचा हात थबकला. दिग्दर्शकाने वळून विचारलं, "फ्रॉक? कुणाचा?" आई पदराने तोंड पुसू लागली. जयमाला पुढे आली. तिने शेगडी बंद केली. ती म्हणाली, "माझा."