पंच्याहत्तर डेसिबल

"मॅडम, आकडा पंच्याहत्तरच्या वर गेला की स्पीकर जप्त. वरून फोन आहे," पोलीस निरीक्षक तिसऱ्यांदा म्हणाले. मैदानाच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या प्रदूषण खात्याच्या अधिकारी स्त्रीच्या हातातला ध्वनिमापक एकाहत्तर दाखवत होता.

मंचावरची मुलगी गिटारच्या कल्लोळात, रॅपच्या वेगाने, धरणाखाली गेलेल्या गावांची नावे घेत होती. समोर त्याच गावांचे लोक निश्चल बसले होते.

"यंत्रात फरक असेल."

"दीड डेसिबल, साहेब. तोही तुमच्या बाजूने धरला, तरी साडेबाहत्तर."

"आणि उद्या तुमची बदली झाली, तर मुलाची दहावी कोण बघणार, मॅडम?"

तिने ध्वनिमापक पुन्हा मंचाकडे धरला.

गाणे संपले, स्पीकर बंद झाले. तेव्हा श्रोत्यांतून एक म्हातारा उठला आणि आपल्या गावाचे नाव ओरडला. मग दुसरे गाव, मग सगळीच. आकडा ब्याण्णववर गेला.

"हं, लिहा आता!"

तिने ब्याण्णव लिहिले. शेजारच्या 'ध्वनीचा स्रोत' या रकान्यात लिहिले, 'श्रोते. स्पीकर बंद.' खाली सही तिने वाचता येईल अशी केली.