मंदी संपल्याचा दिवस

"पिशव्या भरलेल्या दिसू द्या, आणि हसा जरा!" बाजारात मुद्दाम रोजंदारीवर उभ्या केलेल्या बायकांवर व्यापारमंत्री खेकसले. परदेशी गुंतवणूकदार येणार होता. आपला चिमुकला देश मंदीतून सावरलाय, हे त्याला दिसायला हवं होतं.

बेकार अनसूयेने रिकामी खोकी कोंबून पिशवी फुगवली.

पंतप्रधानांच्या गाडीतून सुटाबुटातला गुंतवणूकदार उतरला. तिचाच नवरा होता तो! सकाळी म्हणाला होता, "सूट शोभेल असा माणूस पंतप्रधानांना हवाय, एका दिवसापुरता."

"काय बाई, खरेदी जोरात?" त्याने विचारलं.

"हो साहेब. तुम्ही कारखाना कधी काढताय?"

"लगेच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यापारमंत्र्यांचे डोळे पाणावले.

संध्याकाळी बातमी आली, देशात रोजगार वाढू लागला.

अनसूया ती खोटी तरी कशी म्हणणार? आज तिच्या घरातली दोन्ही माणसं कामावर होती.