तिसरी डिस्क

पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि झाकण खणखणलं. धनश्रीनं झडप घालून तो उचलला. बानूचा आत्ताच कुठं डोळा लागला होता. पोरीनं कूस बदलली, पण उठली नाही.

"मॅडम, कपाटातलं ते खोकं तुम्ही घरी नेलं?" फोनवर रांजणगावच्या कारखान्याचे मॅनेजर होते, विश्वजीत सर.

"हो सर. डिस्क तपासून उद्या बसवते म्हटलं."

"बसवायची घाई नाही. सोमवारी ऑडिट आहे, आधी फॉर्म भरा. दर रविवारी डिस्कची तपासणी झाली म्हणून टिक मारा अन् खाली सही करा."

"सर, मला रुजू होऊन पंधराच दिवस झालेत."

"म्हणून तर! नव्या माणसावर कोण शंका घेतंय?"

कारखान्याच्या दवाखान्याचा सर्व्हर आता धनश्रीकडे होता. त्यात दोन डिस्क. जे एकीवर, तेच दुसरीवर. एक गेली तर दुसरी तारून नेणार. आणि गेलेलीच्या जागी बसवायला तिसरी, खोक्यात तयार. श्रावणात एक गेली. सर्व्हर पीं-पीं करत कोकलत राहिला, तर सरांनी त्याचा आवाज बंद करायला लावला. रविवारची तपासणी तर त्याच्याही आधीपासून बंद. मशीन हळू चालतं म्हणून. आता उरलेली डिस्कही जागोजागी वाचता येईना. तिच्यावर पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधल्या साठ माणसांच्या अकरा वर्षांच्या कानाच्या तपासण्या होत्या. त्यात तिचे सासरे, म्हस्कूआबा. आबांचे कान त्या कारखान्यात गेले, हे सांगणारा दुसरा कागद कुठंच नव्हता.

फोन कान-खांद्यात धरूनच तिनं खोकं पुढं ओढलं. खंडेनवमीला सगळ्या मशिनींबरोबर त्याचीही पूजा व्हायची. दोन वर्षांचं हळदकुंकू तेलात थिजून घट्ट बसलेलं. झेंडूच्या पाकळ्या कुजून चिकटलेल्या, त्यांच्याखाली मेलेल्या मुंग्या. बोटं बुळबुळीत झाली. तिनं ती ओढणीला पुसली, मग ओढणीचीच किळस वाटली.

चिकटपट्टी सोडवून तिनं झाकण उघडलं. डिस्क नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळलेला फरशीचा तुकडा होता. तिनं तो बाहेर काढला, तसं बोटांचं कुंकू त्याला लागलं.

"सर, आत फरशी आहे."

पलीकडून हसू आलं.

"अहो, माझ्या बंगल्याच्या कॅमेऱ्यांना लागली ती डिस्क. खोकं हलकं लागू नये म्हणून गवंड्याला सांगितलं, ठेव काहीतरी. पूजा तर चुकली नाही ना?"

"आजच्या आज परत आणा सर. निघेल तेवढं उतरवून घेते. माणसांच्या तपासण्या आहेत त्यात."

"म्हस्कूची पण ना? त्याला ऐकू येत नाही हे अख्ख्या गावाला माहितीय. मशीन कशाला पाहिजे सांगायला?" मग आवाज मऊ झाला. "तुम्ही सही करा. सासऱ्याच्या भरपाईचं मी बघतो."

तिनं फोन बंद केला.

ओट्यावरून आबांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. "कोन व्हतं गं?"

"कारखाना, आबा."

"आं?"

"कारखाना!"

"मग? घावला का माझा कागद?"

धनश्रीनं पिशवीतून ऑडिटचा फॉर्म काढला. तो पुढं घेऊन ती पहिल्या रविवारपासून लिहीत सुटली: झाली नाही. झाली नाही. झाली नाही. बोटांचे लाल ठसे कागदावर उठत होते. शेवटच्या रविवारपर्यंत लिहून तिनं खाली सही केली, पूर्ण नाव, सुवाच्य.

तिच्या ओरडण्यानं बानू कधीच उठली होती. तिनं फरशीचा तुकडा भिंतीला टेकवून उभा केला होता. उंबऱ्यातलं जास्वंदीचं फूल त्याच्यापुढं ठेवलं होतं. हात जोडून ती आईकडं वळली.

"मम्मी, ह्यो कंचा देव हाय?"