कापसाच्या गंजीत

दारातून माजघरात पडलेल्या उन्हात एक सावली आली, आणि लगेच दुसरी. कोकिळा चुलीपुढं तूर निवडत बसली होती. भाऊ आला असेल, असं तिला वाटलं. पण बासष्ट सालचे ते वेचणीचे दिवस. भाऊ उकंडराव आणि वहिनी आशाबाई सकाळीच कापूस वेचायला गेले होते. निम्मं सोनाळा गाव रानात होतं, आणि दिवस अजून डोक्यावर होता.

मग तिच्या तळपायांना दणका जाणवला. पुन्हा एक. जमीन हादरत होती. माजघरातली पेटी कोणीतरी फोडत होतं.

लहानपणच्या तापानं कोकिळाचे कान गेले होते. तिनं भिंतीआडून डोकावून पाहिलं. दोन परके गडी. एकाच्या हातात पहार, दुसऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड. दोघांचीही तोंडं उघडी होती. भरदिवसा तोंड न झाकता आलेला चोर आपल्याला पाहणाऱ्याला मागं जिवंत ठेवत नाही, एवढं तिला कळत होतं.

चुलीजवळच्या झोक्यात सहा महिन्यांचा भाचा झोपला होता. तिनं त्याला उचललं. बाहेर जायची वाट माजघरातूनच होती. शेजारी कापसाची खोली होती, गंजी आढ्याला टेकलेली. ती आत शिरली. हातातल्या बांगड्या तिनं कोपराकडं इतक्या वर सारल्या की काच मांसात रुतली. त्या वाजत होत्या की नव्हत्या, तिला ठाऊक नव्हतं.

दाराच्या फटीतून तिनं मागं पाहिलं. रिकामा झोका अजून हलत होता.

पहारवाला चुलीपाशी आला. त्यानं झोका धरला, आतल्या गोधडीवर हात ठेवला. गोधडी गरम असणार. तो सोबत्याकडं वळून बोलला. कोकिळाला ओठांवरचं वाचता येत होतं.

"कोनीतरी हाये घरात. आत्ताच उचललं पोरगं."

ती भिंतीच्या कडेनं गंजीत घुसली. बाळाच्या तोंडापुढं दंड आडवा धरून तिनं श्वासापुरती जागा केली. वरून कापूस ढासळला आणि अंधार झाला.

बाळ जागं झालं. ते रडतंय का, हे तिला कसं कळणार? तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. आत थरथर होती. रडणं असेल, हुंकार असेल, नुसता श्वासही असेल. तिनं बोट दिलं. त्यानं ते जिभेनं ढकललं. थरथर वाढली. मग तिनं त्याला पदराखाली घेतलं. तिथं दूध नव्हतं. तरी ते ओढत राहिलं आणि छाती हळूहळू शांत झाली.

एवढ्यात कापूस हलला. काहीतरी थंड तिच्या मांडीला घासून गेलं आणि भिंतीत रुतलं. पहार. ती मागं ओढली गेली, पुन्हा आली, या वेळी खांद्याच्या वर. कोकिळानं दात आवळले. आपल्या तोंडून आवाज निघाला का, तेही तिला कळलं नाही. तिसऱ्यांदा पहार आली ती तिथंच थांबली.

त्यानंतर काहीच नाही. दणका नाही, पाऊल नाही. चोर गेले असतील, किंवा खोलीतच उभे राहून वाट पाहत असतील. ती हलली नाही. पाय बधिर झाले. बाळानं तिला ओलं केलं, मग ते झोपलं. ती दर थोड्या वेळानं त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहायची.

दिवस बुडाल्यावर जमीन पुन्हा थरथरली. या वेळी पावलं दोघांची नव्हती. बरीच होती, धावती होती. चोरांनी आणखी माणसं आणली, असं तिला वाटलं. ती भिंतीला आणखी चिकटली.

बाहेर उकंडराव फुटलेल्या पेटीपाशी उभा राहून ओरडत होता, "कोकिळे! अवं कोकिळे!"

"हाका काऊन मारता?" आशाबाई कपाळ बडवत म्हणाली. "तिले ऐकू येते काय? माह्या लेकराले नेलं वं माय!"

शेजारचा जानराव कंदील घेऊन खोल्या पाहत होता. कापसाच्या खोलीच्या दारात तो थबकला. "उकंडराव," तो म्हणाला, "हे पहार तुमची हाये काय?"

उकंडरावनं पाहिलं आणि तो दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागला. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा त्याला साडी लागली. त्याच क्षणी मनगटात दात रुतले. तो कळवळला, पण हात मागं घेतला नाही. दुसऱ्या हातानं तो कापूस बाजूला करत राहिला, कंदिलाचा उजेड तिच्या तोंडावर पडेपर्यंत.

कोकिळानं त्याचा चेहरा पाहिला. दात सुटायला तरी वेळ लागला.

आशाबाईनं बाळ हिसकावून घेतलं आणि ते मोठ्यानं रडायला लागलं. कोकिळाला बाहेर आणून ओट्यावर बसवलं. केसांत, भुवयांवर सगळीकडं कापूस. कोणीतरी पाणी दिलं. ते तिच्या हातातच राहिलं. आळी गोळा झाली होती. जानराव तिच्यापुढं उकिडवा बसला. त्यानं कंदील आपल्या तोंडाशी धरला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं,

"बाई, चोर कवा गेले?"

कोकिळानं त्याच्या ओठांकडं पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून गर्दीतल्या एकेका तोंडाकडं.

"गेले?" तिनं विचारलं.