घड्याळाचं वजन

गरगर फिरत रॉकेट सरळ वर गेलं, तशा टाळ्या पडल्या. मग ते दमलेल्या भोवऱ्यासारखं डोलायला लागलं, आडवं झालं आणि समुद्रात कोसळलं.

त्याच्या नाकातलं यंत्र शैलाच्या नवऱ्याच्या हातचं शेवटचं. ते महिन्यापूर्वी गेले. त्यांचं घड्याळ यंत्राशेजारी बांधून पाठवायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आज सकाळी नाकाचं झाकण शैलानेच लावलं.

“वहिनी, काल फिरवून बघितलं तेव्हा जरासुद्धा हललं नव्हतं,” तोल बघणारे केरकर पुटपुटले. “घड्याळाच्या समोर तेवढंच शिसं लावलं होतं मी.”

शैलाने कोटाच्या खिशातून मूठ काढून उघडली. आत घड्याळ चालू होतं.

“झाकण लावताना काढून घेतलं, भावजी. ह्यांचं एवढंच तर उरलं होतं.”

आता खरंच तेवढंच उरलं होतं.